रिओहाची रेड वाइन आणि ताटाची डावी-उजवी बाजू

गंगाकाठची

भाचा कामानिमित्त महिनाभर स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात होता. परत येताना त्याने तिथून जवळच असलेल्या रिओहा भागातल्या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, एक क्रियांसा आणि दुसरी रेसेर्वा. क्रियांसा आम्ही गेल्या शनिवारी घरच्या जेवणाबरोबर उघडली. नाशिकला राहणाऱ्याला वाइनची नवलाई तशी उरलेली नसते, कारण घरी आलेला प्रत्येक पाहुणा गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत एक चक्कर मारण्याचा आग्रह धरतोच आणि त्याच्याबरोबर आपणही वर्षातून चार वेळा तेच सहा घोट चाखून येतो. पण ते चाखणे नुसते असते, फार तर बरोबर चीजचे दोन तुकडे असतात. आपल्या नेहमीच्या ताटाशेजारी वाइनचा प्याला ठेवून संपूर्ण जेवण जेवण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यात काही गोष्टी अपेक्षेपेक्षा चांगल्या जमल्या आणि काही सपशेल फसल्या, म्हणून हा धागा.

आधी बाटलीविषयी लिहिते. रिओहा हा उत्तर स्पेनमधला, एब्रो नदीच्या खोऱ्यातला भाग आहे. त्याच्या नावातल्या ‘हा’चा उच्चार घशातून, ह आणि ख यांच्या मधोमध कुठेतरी होतो, हे भाच्याने मला तीनदा म्हणून दाखवले आणि तिन्ही वेळा मला ते जमले नाही. तिथले मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतर जातींच्या आधी पिकते, म्हणून त्याचे हे नाव. बाटलीवर क्रियांसा लिहिलेले असेल, तर ती वाइन किमान दोन वर्षे मुरलेली असते आणि त्यातले किमान एक वर्ष ती ओकच्या पिंपात असते. रेसेर्वाला किमान तीन वर्षे लागतात आणि ग्रान रेसेर्वाला पाच, ज्यातली दोन पिंपात जातात. क्रियांसा या शब्दाचा मूळ अर्थ संगोपन असा आहे. घरात लोणचे मुरवणाऱ्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागू नये.

रंग डाळिंबाच्या रसासारखा होता, पण प्याला तिरका धरल्यावर कडेला किंचित विटकरी छटा दिसत होती. वास घेतल्यावर मला सर्वांत आधी आलुबुखार आठवला, मग व्हॅनिला, आणि प्याला दहा मिनिटे तसाच राहिल्यावर आजोबांच्या पानाच्या चंचीचा वास आला, म्हणजे लवंग, कात आणि कोरडा तंबाखू यांचा एकत्र. आमचे हे म्हणाले की त्यांना नव्या चपलेचा वास येतो आहे, आणि ते चूक नव्हते. चव कोरडी होती, गोडवा जवळजवळ नव्हताच. करवंदासारखा आंबटपणा होता आणि शेवटी हिरड्यांवर, गालांच्या आतल्या बाजूला जांभळासारखा तुरटपणा रेंगाळत होता.

जेवणात काळ्या मसाल्यातले सुके मटण, वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, हिरव्या मिरचीचा ठेचा, लिंबू, कांदा आणि भाताबरोबर पातळ रस्सा होता. शेवटी गाजराचा हलवा होता. आता मुख्य मुद्द्याकडे येते. वाइन कशाबरोबर घ्यावी याचे जे सल्ले आपण वाचतो, ते एका वेळी एकच पदार्थ समोर येणाऱ्या जेवणासाठी लिहिलेले असतात. आपल्या ताटात सगळे एकदम असते. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी किंवा मटण. आणि प्रत्येक घास या सगळ्यांतून आपण स्वतः जुळवतो. त्यामुळे ‘मटणाबरोबर रेड वाइन चालते का’ या प्रश्नाला आपल्याकडे अर्थ नाही. घोटाच्या आधीचा घास ताटाच्या कोणत्या बाजूचा होता, हा खरा प्रश्न आहे.

उजवी बाजू उत्तम जमली. भाकरीचा तुकडा, त्यात मटणाची चरबीयुक्त फोड आणि भाजलेल्या खोबऱ्याचा दाट मसाला, आणि त्यावर एक घोट, असे घेतल्यावर तुरटपणा जवळजवळ नाहीसा झाला आणि वाइन एकदम फळासारखी लागू लागली. भरिताबरोबर तर ती मटणापेक्षाही बरी लागली, आणि याचे मला अजून नीट स्पष्टीकरण देता येत नाही. डावी बाजू मात्र वैरीण निघाली. ठेच्याच्या घासानंतर घेतलेला घोट तोंडात पेटला. दह्यातल्या कोशिंबिरीनंतर वाइन उग्र आणि पातळ लागली. लिंबू पिळलेल्या रस्स्यानंतर ती कुठे गेली तेच कळले नाही. हलव्याबरोबर तर तीच वाइन, जी अर्ध्या तासापूर्वी इतकी मऊ वाटत होती, कच्च्या कैरीसारखी आंबट झाली.

तापमानाचाही धडा मिळाला. ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असे लिहिलेले असते. ती खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची असते हे आपण विसरतो. रेड वाइनला साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस लागतात. डिसेंबर असला तरी स्वयंपाकघरात दोन तास चुली पेटलेल्या होत्या, त्यामुळे पहिला घोट कोमट आणि दारूच्या वासाचा लागला. बाटली वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा ओतल्यावर ती सावरली. मे महिन्यात याला अर्धा-पाऊण तास लागेल असा माझा अंदाज आहे.

रेसेर्वाची बाटली अजून शिल्लक आहे. तिच्याबरोबर काय करावे, आणि भरीत का जमले, याविषयी जाणकारांनी लिहावे.

काळा मसाला

आपण सुक्या मटणाचे वर्णन केले आहे, पण मसाल्याचे प्रमाण दिलेले नाही, आणि माझ्या मते या धाग्यातला तो सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. नाशिकच्या मिसळीत जितका तिखट काळा मसाला असतो, तितका घातला असता तर वाइनचा निकाल पहिल्याच घासाला लागला असता. नेमकी कोणती मिरची वापरली आणि किती?

गंगाकाठची

आपली शंका रास्त आहे. एक किलो मटणाला आधी आले-लसूण, हळद आणि मीठ लावून ठेवले. मसाल्यासाठी सुके खोबरे किसून ते जवळजवळ कॉफीच्या रंगापर्यंत भाजले. जळू द्यायचे नाही, पण भीतभीतही भाजायचे नाही. कांदा उभा चिरून तेलात गडद परतला. धने, तीळ, खसखस, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, तमालपत्र आणि चिमूटभर दगडफूल वेगवेगळे भाजून खोबरे-कांद्याबरोबर वाटले. मिरची फक्त बेडगी वापरली, तीही बिया काढून सहाच. एरवी आमच्या घरी त्यात लवंगी मिरचीही पडते. टोमॅटो घातला नाही, कारण आंबटपणा वाइनमध्ये आधीच होता. रंग अगदी नेहमीसारखा आला आणि तिखटपणा एक तृतीयांश राहिला. सासूबाईंनी पहिला घास घेऊन ‘आजारी माणसासाठी केले आहे का’ असे विचारले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. त्यांच्यासाठीच ठेचा ताटात आला होता.

रसायनी

भरीत का जमले याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. पिंप तयार करताना ओकच्या फळ्या वाकवण्यासाठी आत विस्तव पेटवतात आणि पिंपाचा आतला पृष्ठभाग त्या आचेवर भाजला जातो. लाकडातल्या लिग्निन या घटकाचे या उष्णतेने विघटन होऊन व्हॅनिलिन, ग्वायाकॉल आणि युजेनॉल अशी संयुगे तयार होतात आणि वर्षभरात ती वाइनमध्ये उतरतात. व्हॅनिलिन हा व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य गंध. ग्वायाकॉल हा धुराच्या वासातला एक प्रमुख घटक, आणि विस्तवावर काळ्या सालीसकट भाजलेल्या वांग्यातही धुराचा तोच स्वभाव उतरतो. युजेनॉल हा तर लवंगेचा प्राण आहे. दाताला लावतात त्या लवंगाच्या तेलात बहुतांश तोच असतो. आपल्याला चंचीतली लवंग आठवली ती निव्वळ कल्पनाशक्ती नव्हती.

रिओहामध्ये परंपरेने अमेरिकी ओकची २२५ लिटरची पिंपे वापरली जातात. या लाकडात ओक लॅक्टोन नावाचे संयुग फ्रेंच ओकपेक्षा जास्त असते आणि त्याचा वास नारळासारखा येतो. खोबऱ्यातला सुगंधही लॅक्टोन गटातल्याच संयुगांमुळे येतो, पण ती संयुगे वेगळी आहेत, एवढी दुरुस्ती आधीच करून ठेवतो, नाहीतर ‘वाइनमध्ये खोबरे असते’ असा निरोप उद्या फिरू लागेल.

तुरटपणाविषयी: द्राक्षाच्या सालीतली, बियांतली आणि लाकडातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्ये, आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत वाटते. घासात मटणाची प्रथिने आणि चरबी असेल तर टॅनिन्स तिकडे गुंततात. ठेच्याचे कारण वेगळे आहे. मिरचीतले कॅप्सायसिन जिभेवरच्या चवीच्या नव्हे, तर उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या ग्राहींना चेतवते, आणि अल्कोहोलही त्याच ग्राहींना अधिक संवेदनशील करते. म्हणजे ठेच्यावर वाइन ओतणे हे विस्तवावर वारा घालण्यासारखे आहे. तिखट आणि मसालेदार या दोन गोष्टी आपण बोलताना एक समजतो. वाइनपुरते त्यांना वेगळे करावेच लागते. लवंग, दालचिनी, दगडफूल, भाजलेले तीळ यांच्याशी या वाइनचे वैर नाही, वैर फक्त मिरचीशी आहे.

ताकप्रेमी

एवढे शास्त्र वाचल्यावर एक भाबडा प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. ज्या जेवणातून ठेचा, लिंबू, लोणचे आणि कोशिंबीर काढून टाकावी लागते, मटणातली मिरची एक तृतीयांश करावी लागते आणि सासूबाईंची बोलणी खावी लागतात, ते जेवण वाइनला साजेसे झाले की वाइनसाठी बिघडवले गेले? माझ्या ताटाला ताक पुरते. ते सातासमुद्रांपलीकडून आणावे लागत नाही आणि त्यासाठी थर्मामीटरही लागत नाही. आणि आयातच टाळायची असेल, तर आपल्या दिंडोरी-निफाडच्या वाइनला काय धाड भरली आहे? २००० च्या सुमारास नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली तेव्हापासून नाशिककर मंडळी अभिमानाने छाती फुगवत आहेत, आणि घरी मात्र स्पेनची बाटली उघडतात.

गंगाकाठची

ताकाचा पराभव व्हावा असा माझा हेतू नव्हता. जेवणानंतर आम्ही ताकही प्यायलो. ठेचा काढून टाकला नव्हता, तो ताटातच होता. ज्यांना तो हवा होता त्यांनी खाल्ला आणि घोट घेताना मधे भाकरीचा कोरडा तुकडा चावला. अशा वेळी पाणी उपयोगी पडत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. भाकरी मात्र तोंड पुसून काढते.

आपल्याकडच्या वाइनचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि उलट त्यासाठीच एक अनुभव सांगते. त्या रात्री रस्सा-भाताबरोबर रिओहा अजिबात जमेना, तेव्हा फ्रिजमध्ये आधीच उघडलेली आपल्याकडचीच शेनिन ब्लांक होती, ती काढली. ती पांढरी, थंड आणि जराशी गोडसर होती. तिखट, पातळ, लिंबू पिळलेल्या रस्स्याबरोबर ती कितीतरी सरस ठरली, कारण तिच्यातला थोडासा गोडवा मिरचीची धार बोथट करतो, तिच्यात तुरटपणा नसतो आणि आंबटपणा लिंबाशी बरोबरी करण्याइतका असतो. म्हणजे एकाच जेवणात ताटाच्या कोरड्या पदार्थांना स्पेन चालले आणि वाटीला नाशिक. शिवाय किमतीचे म्हणाल तर आयात वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यामुळे भाच्याने आणली नसती तर मी ही बाटली दुकानातून विकत घेतली असती असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

निफाडचा बागायतदार

मी वाइन फारशी पीत नाही, पण वाइनच्या द्राक्षांची बाग काही वर्षे केलेली आहे. आमच्याकडे दिंडोरी तालुक्यात चारोसा नावाच्या वाइनरीने तेम्प्रानियो लावून त्याची वाइनही काढली होती, त्यामुळे हे द्राक्ष नाशिकला अगदीच परके नाही. फरक हवेचा आहे. रिओहा साधारण ४२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आपण २० अंशांवर. तिथे वेल हिवाळ्यात पानगळ होऊन झोपी जातो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी असते, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. त्यांच्याकडे फळ थंडीकडे जाताना पिकते, आपल्याकडे उन्हाळ्याकडे जाताना. उन्हाचा तडाखा वाढला की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो, त्यामुळे काढणीची तारीख दोन दिवस चुकली तरी वाइनवाला नाराज होतो.

ज्यांनी फक्त थॉमसन किंवा शरद सीडलेस खाल्ली आहेत, त्यांना वाइनचे द्राक्ष हातात दिल्यास ते फेकून देतील. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि चावल्यावर तोंड तुरट. खाण्याच्या द्राक्षात जे दोष मानले जातात, त्यांचेच वाइनवाला पैसे देतो. आमच्या वडिलांना ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. मोठा मणी यावा म्हणून आयुष्यभर विरळणी केलेल्या माणसाला ‘मणी लहानच ठेवा’ असे सांगणे म्हणजे त्यांना अपमान वाटे.

माद्रिदवासी

मूळचा पंचवटीचा, आता काही वर्षे माद्रिदमध्ये राहतो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की इथे वाइन हा जेवणाआधीचा कार्यक्रम नसतो. आपल्याकडे आधी बैठक, सोबत चखणा, आणि सर्वांत शेवटी, पोटात जागा उरलीच तर जेवण, असा क्रम असतो. इथे ब्रेडची टोपली येते तशीच वाइनची बाटली टेबलावर येते, आणि जेवण संपले की तीही संपते. चाखण्याचे वर्णन करत बसणारी माणसे मला इथल्या घरांतून फारशी भेटली नाहीत. गंगाकाठची यांनी वाइन ताटाशेजारी ठेवली, हे म्हणूनच मला त्यांच्या आलुबुखारापेक्षा अधिक स्पॅनिश वाटले.

दुसरी गोष्ट रिओहाच्या स्वतःच्या जेवणाची. तिथला मानाचा पदार्थ म्हणजे कोवळ्या कोकराच्या बारीक चापा, ज्या द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. काड्या भडकन पेटतात, लगेच विझतात आणि मागे तीव्र, कमी धुराचा निखारा ठेवतात. मांसावर मिठाशिवाय जवळजवळ काहीच नसते. दुसरा पदार्थ बटाटे आणि चोरिसो या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा रस्सा, ज्याला लाल रंग सुक्या मिरचीचा असतो, पण तिखटपणा नावालाच. मिरची अमेरिकेतून स्पेन-पोर्तुगालमार्गेच आपल्यापर्यंत आली, मात्र त्यांनी तिचा रंग ठेवून घेतला आणि आग आपल्याकडे पाठवली, असे मला नेहमी वाटते. बेडगी वापरण्याची आपली युक्ती म्हणून अगदी योग्य जागी लागली. आणि मे महिन्यात रेड वाइन गरम होते ही तक्रार इथेही आहे. उन्हाळ्यात इथली माणसे साध्या रेड वाइनमध्ये लिंबाचा सोडा आणि भरपूर बर्फ घालून पितात. त्याला तिंतो दे वेरानो, म्हणजे उन्हाळ्याची रेड वाइन, असे सरळ नाव आहे. मुरलेल्या रेसेर्वाबरोबर मात्र हा प्रयोग कृपया करू नये.

निफाडचा बागायतदार

काड्यांचा उल्लेख वाचून राहवले नाही. छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग लागतात. कोणी कुट्टी करून बागेतच टाकतो, कोणी पेटवून देतो. आमच्या घरी चुलीत त्याच जळतात आणि वांगी त्याच निखाऱ्यावर भाजली जातात, फक्त त्याचे कोणी कौतुक करत नाही. एक सावधगिरीची सूचना करतो. केवडा आणि भुरी या वेलीवरच्या रोगांसाठी बागेवर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून ताज्या काड्या वापरू नयेत. पावसात धुतलेल्या आणि वर्षभर वाळलेल्या घ्याव्यात, आणि ज्वाळेवर न भाजता पूर्ण निखारा झाल्यावरच भाजावे. कोणाला हव्या असतील तर माझ्याकडे आहेत.

पाटवडी

आमच्या घरी मांसाहार नाही, त्यामुळे अशा चर्चेत आमच्या वाट्याला नेहमी ‘चीज खा’ एवढेच उत्तर येते. भरिताने आशा वाटली. भरली वांगी, मसुराची आमटी, पाटवडीचा रस्सा यांपैकी काय चालेल असे आपल्याला वाटते? आणि शेवभाजी?

गंगाकाठची

मी स्वतः करून पाहिलेले फक्त भरीत आहे. आम्ही जळगावकडची मोठी, फिकट हिरवी वांगी घेतली होती. ठेचलेल्या लसणाबरोबर मिरच्या दोनच घातल्या आणि वर शेंगदाणे, सुके खोबरे व कांद्याची पात. वरून तेलाची फोडणी जरा सढळ हाताने दिली, आणि मला वाटते मटणातल्या चरबीचे काम इथे त्या तेलाने आणि शेंगदाण्यांनी केले. त्या हिशेबाने तीळ-शेंगदाणे-खोबऱ्याचे सारण भरलेली वांगी जमायला हवीत, फक्त चिंच-गूळ घालू नये. सबंध मसुराची दाटसर आमटीही चालावी. पाटवडीची वडी चालेल, रस्सा तिखट असेल तर शेनिन जवळ ठेवावी. शेवभाजीबद्दल मला शंका आहे. तिची मजा तर्रीत आहे, आणि तर्री काढून शेवभाजी करण्यापेक्षा त्या दिवशी ताकप्रेमींचे ऐकावे.

वैद्यकन्या

चाखण्याच्या शब्दांविषयी थोडे लिहिते. इंग्रजीतल्या वाइनच्या लेखनात तोंड कोरडे पडण्याची जाणीव समजावून सांगण्यासाठी बरेच शब्द खर्च करावे लागतात. आपल्याकडे कषाय हा सहा रसांपैकी एक मानलेला आहे, आणि हिरडा, सुपारी, जांभूळ, कच्चे केळे यांमुळे तुरट म्हणजे काय हे लहान मुलालाही ठाऊक असते. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय अशी ती यादी आहे. त्यात एक गंमत अशी की संस्कृतातला कटु म्हणजे आपला तिखट आणि तिक्त म्हणजे आपला कडू. शब्द मराठीत येताना त्यांनी जागा बदलल्या. कटूला रस मानावे की ती केवळ दाहाची जाणीव आहे, हा रसायनी यांनी काढलेला मुद्दा मात्र जुन्या यादीच्या विरुद्ध जातो, आणि तिथे मी त्यांच्या बाजूची आहे. रिओहाच्या घोटात अम्ल आणि कषाय आहेत, मधुर जवळजवळ नाही. मटण-भाकरीने लवण आणि स्निग्धता पुरवली, म्हणून घोट पुरा झाला. हलव्याने मधुराची अपेक्षा इतकी वर नेली की उरला तो नुसता अम्ल.

इंदिरानगरकर

एक दुःखद अनुभव. गेल्या वर्षी मी शहरातल्या एका दुकानातून रिओहाचीच क्रियांसा घेतली होती. बाटली दर्शनी काचेजवळ, उन्हात उभी होती, आणि बूच अर्धा सेंटिमीटर वर आलेले दिसत असूनही माझ्या काही लक्षात आले नाही. उघडल्यावर तिला उकळलेल्या मनुकांचा वास येत होता आणि चव सपाट होती. मी समजलो की स्पॅनिश वाइन अशीच लागते, आणि वर्षभर तिची निंदा करत राहिलो. बाटली उष्णतेने बिघडली होती, हे हा धागा वाचताना समजले. यावरून माझा प्रश्न असा की रेसेर्वाची बाटली तोपर्यंत कुठे ठेवणार आहात?

रसायनी

वर आलेले बूच हे उष्णतेने आतला द्रव प्रसरण पावल्याचे लक्षण असते, त्यामुळे आपले निदान बरोबर आहे. दुसरा एक दोष दुकानदाराच्या हातात नसतो. बुचाच्या सालीत तयार होणाऱ्या एका क्लोरीनयुक्त संयुगामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात भिजलेल्या वर्तमानपत्राच्या रद्दीचा वास येतो. प्रकृतीला ते अपायकारक नसते, पण फळाचा सगळा गंध ते झाकून टाकते आणि हवेवर ठेवून ते जात नाही. तसा वास आला तर बाटलीला दोष द्यावा, देशाला नव्हे.

गंगाकाठची

बाटली सध्या देवघराच्या मागच्या खोलीत, गाद्यांच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आडवी ठेवली आहे, म्हणजे बूच ओले राहील. घरातली तेवढीच जागा दिवसभर अंधारी आणि गार असते. देवघराच्या शेजाराबद्दल सासूबाईंची परवानगी घेतलेली आहे. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की पुढच्या वेळी मटणात लवंगी मिरची पडली पाहिजे.

त्यावर तोडगा असा काढला आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी, उन्हाळा तापायच्या आत, रेसेर्वा उघडायची. निफाडच्या बागायतदारांनी देऊ केलेल्या वाळक्या काड्यांपैकी एक मोळी मी नक्की घेईन. त्यांच्या निखाऱ्यावर मटणाच्या चापा फक्त मीठ आणि लसूण लावून भाजू आणि वांगीही त्यातच घालू. सासूबाईंसाठी लवंगी घातलेला रस्सा वेगळ्या पातेल्यात होईल, आणि त्याच्या वाटीशेजारी शेनिन. गाजराचा हलवा वाइनचे प्याले उचलून झाल्यावर आणि ताक पिऊन झाल्यावर. रेसेर्वा जुनी असल्याने तळाला गाळ असू शकतो, म्हणून ती आदल्या दिवशी उभी करून ठेवीन आणि अर्धा तास आधी काचेच्या भांड्यात हलकेच ओतून घेईन.

ताकप्रेमी, आपण नाशिकात असाल तर आपणही यावे. ताक घरचेच असेल.

ताकप्रेमी

येतो. ठेचा मी घेऊन येईन, आणि तो डाव्या बाजूलाच वाढला जाईल याची खात्री असावी.